एका दिवसाचे बेंगळुरू: थोड्या खर्चात वाचलेला इतिहास



इतिहासाचा अभ्यास म्हणजे पुस्तक, पाठांतर आणि सनावळी, असा तुमच्यापैकी अनेकांचा समज असतो. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्य विषय शिकवते. आमच्याकडे नियम असा की, साइटवर गेल्याशिवाय नकाशा कळत नाही. इतिहासालाही हा नियम लागू पडतो. या टिपणात आपण एक साइट पाहणार आहोत आणि ती साइट म्हणजे बेंगळुरू शहर. सुरुवात हेब्बाळपासून, कारण मी आणि माझा नवरा तिथे राहतो. वर्षातून एक-दोनदा आम्ही दोघे सकाळी बाहेर पडतो आणि संध्याकाळपर्यंत शहर पाहतो. टॅक्सी घ्यायची नाही, महागडे हॉटेल नाही आणि दोघांचा मिळून खर्च पाचशे रुपयांच्या आत ठेवायचा, असे आमचे ठरलेले आहे.

पैसे वाचवण्यासाठी घातलेल्या या अटीतून आम्हाला एक वेगळीच गोष्ट कळली. दिवसभरात आम्ही सात ठिकाणी थांबतो. त्यांपैकी फक्त दोन ठिकाणी तिकीट आहे. शहराचा सर्वांत जुना लिखित पुरावा, शहराची जुनी सीमा, भोसले घराण्याची इथली खूण, जिथे १७९१ ची लढाई झाली तो किल्ला, हे सगळे फुकट पाहता येते. मग तिकीट कशाला असते आणि कशाला नसते? आणि ज्याला तिकीट नाही, त्याची काळजी कोण घेते? हे दोन प्रश्न मनात ठेवून पुढे वाचा.

१. हेब्बाळचा वीरगळ

हेब्बाळ म्हटले की लोकांना विमानतळाकडे जाणारा उड्डाणपूल आणि तिथली वाहतूक कोंडी आठवते. या वस्तीत २०१८ साली गटाराच्या कामासाठी खोदकाम चालू असताना एक कोरीव दगड सापडला. तो वीरगळ होता. लढाईत मरण आलेल्या योद्ध्याच्या स्मरणार्थ उभारलेला दगड म्हणजे वीरगळ, हे महाराष्ट्रातल्या मुलांना सांगायला नको. गावोगावच्या देवळांबाहेर असे दगड आहेत. पण हा शब्दच मुळात कन्नडमधून आला आहे, हे कदाचित ठाऊक नसेल. ‘वीर’ अधिक ‘कल्लु’. कल्लु म्हणजे दगड.

हेब्बाळच्या दगडावरचा लेख जुन्या कन्नडमध्ये आहे. गंग घराण्याचा राजा श्रीपुरुष राज्य करीत असताना शत्रूचे सैन्य चालून आले आणि किट्टय्या नावाचा माणूस त्याच्याशी लढताना पडला, असा त्याचा आशय आहे. हे सैन्य राष्ट्रकूटांचे असावे, असे अभ्यासक मानतात. आता काळ कसा ठरवायचा? लेखात राजाचे नाव आहे आणि अक्षरांचे वळणही त्याच काळाचे आहे. श्रीपुरुषाची कारकीर्द आठव्या शतकातली, म्हणून लेखाचा काळ साधारण इ.स. ७५० धरतात. बेंगळुरूच्या हद्दीत सापडलेल्या कन्नड लेखांमध्ये हा सर्वांत जुना मानला जातो. ‘बेंगळुरू’ हे नाव ज्यात प्रथम दिसते तो बेगूर इथला प्रसिद्ध वीरगळ इ.स. ९०० च्या आसपासचा, म्हणजे याच्या नंतरचा.

या लेखात गावाचे नाव ‘पेर्बोळल्’ असे येते. त्याचे हेब्बाळ कसे झाले? जुन्या कन्नडमधल्या शब्दारंभीच्या ‘प’ चा पुढच्या काळात ‘ह’ झाला. दुधाला ‘पाल्’ म्हणत, त्याचे ‘हालु’ झाले. फुलाला ‘पू’ म्हणत, त्याचे ‘हूवु’ झाले. ‘पेर्’ म्हणजे मोठा. त्याच शब्दाचे पुढचे रूप आज अंगठ्याच्या कन्नड नावात, ‘हेब्बेट्टु’ मध्ये, जिवंत आहे. बसच्या पाटीवरचे नाव बाराशे-साडेबाराशे वर्षांचे आहे, हे दगड सापडल्यामुळे पुराव्यानिशी सांगता येते.

हा दगड गटाराच्या भरावात गेला असता, तर कोणाला पत्ताही लागला नसता. शिलालेखांवर काम करणाऱ्या नागरिकांनी तो ओळखला, वाचवला आणि लोकांना पाहता येईल असा उभा केला. पुढे बेंगळुरूच्या मिथिक सोसायटीने शहरातल्या शिलालेखांच्या त्रिमितीय डिजिटल प्रती करण्याचे काम हाती घेतले. त्यामुळे पुसट झालेली अक्षरेही संगणकाच्या पडद्यावर वाचता येतात. संगणक किंवा इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्यांनी नोंद घ्यावी: तुमच्या विद्येचा इतिहासाला इतका थेट उपयोग आहे.

२. मेखरी सर्कलचा मनोरा आणि तलावांचे शहर

हेब्बाळहून दक्षिणेकडे जाणारी कोणतीही बस चार-एक किलोमीटरवर मेखरी सर्कलला पोहोचवते. माझा नवरा साध्या बसचा दिवसाचा पास घेतो. २०२५ च्या जानेवारीत तो ७० वरून ८० रुपये झाला. माझ्या आधार कार्डावर कर्नाटकचा पत्ता असल्यामुळे मला शून्य रुपयांचे तिकीट मिळते. राज्यातल्या स्त्रियांसाठी ही ‘शक्ती’ योजना ११ जून २०२३ पासून सुरू आहे. तुम्ही बाहेरून येणार असाल, तर दोघांचे पास धरा.

मेखरी सर्कलजवळ एका छोट्या उद्यानात दगडी मनोरा आहे. असे चार मनोरे शहरात आहेत: उत्तरेला हा, पूर्वेला हलसूर तलावाजवळ, दक्षिणेला लालबागेतल्या खडकावर आणि पश्चिमेला केंपांबुधी तलावाजवळ. केंपेगौडाने १५३७ साली मातीच्या तटाचे बेंगळुरू वसवले. हे मनोरे शहराची सीमा दाखवण्यासाठी बांधले, अशी परंपरा आहे. ते पहिल्या केंपेगौडाचे की त्याच्या वंशातल्या दुसऱ्याचे, याबद्दल मात्र मतभेद आहेत.

येथे एक साधी वजाबाकी करा. हेब्बाळचा दगड इ.स. ७५० च्या सुमाराचा, शहराची स्थापना १५३७ ची. म्हणजे हेब्बाळ हे बेंगळुरूहून जवळजवळ आठशे वर्षांनी जुने आणि तरीही उत्तरेच्या मनोऱ्याच्या पलीकडे, म्हणजे शहराच्या सीमेबाहेर. शहर वाढत गेले आणि आपल्यापेक्षा जुन्या गावांना पोटात घेत गेले. ‘हे उपनगर आहे’ असे म्हणताना थोडे थांबावे, ते यासाठी.

स्थापत्याची विद्यार्थिनी म्हणून मला तलावांबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून साधारण ९०० मीटर उंचीवर, पठाराच्या कण्यावर आहे. जवळून बारमाही मोठी नदी वाहत नाही. त्यामुळे पावसाचे पाणी उतारावर अडवायचे, एक तलाव भरला की पाणी खालच्या तलावात सोडायचे, अशी साखळी इथल्या लोकांनी शतकानुशतके बांधली. हेब्बाळचा तलाव हा तिचाच एक दुवा. साखळीतला एक दुवा बुजवला की पाणी वाट शोधते आणि ती वाट रस्त्यावरून, घरांतून जाते. आज तुम्ही ज्या केंपेगौडा बसस्थानकावर गाडी बदलता, ते धर्मांबुधी तलावाच्या पात्रात आहे. कंठीरव क्रीडांगण संपंगी तलावाच्या जागी आहे. हे वाचून पावसाळ्यातल्या बातम्या पुन्हा एकदा पाहा.

३. मल्लेश्वरम: भोसल्यांची खूण

मराठी विद्यार्थ्याला बेंगळुरू म्हटले की शहाजीराजे आठवतात आणि ते बरोबर आहे. विजापूरचा सेनापती रणदुल्लाखान आणि शहाजीराजे यांनी १६३८ मध्ये केंपेगौडाच्या वंशजाकडून बेंगळुरू जिंकले. आदिलशाहीकडून ते शहाजीराजांना जहागीर मिळाले. जिजाबाई आणि बाल शिवाजी १६४० च्या सुमारास काही काळ इथे राहिले. शहाजीराजांच्या दरबारात पंडित आणि कवी होते. त्यांच्यातल्या जयराम पिंड्ये याने ‘राधामाधवविलासचंपू’ रचला. वि. का. राजवाडे यांनी तो संपादून प्रसिद्ध केला. त्यात त्या दरबाराचे वर्णन आहे आणि अनेक भाषांतल्या रचना आहेत. एकाच दरबारात इतक्या भाषा नांदत होत्या, हे बेंगळुरूचे जुने लक्षण दिसते.

मग शहाजीराजांचा वाडा कुठे आहे? आम्हाला भेटायला येणारे नातेवाईक हाच प्रश्न विचारतात. खात्रीने ‘हा तो वाडा’ म्हणून दाखवावी अशी इमारत आज उभी नाही. उत्तर ऐकून पाहुणे हिरमुसतात. अशा वेळी आम्ही त्यांना मल्लेश्वरमला नेतो.

मल्लेश्वरम ही वस्ती मुख्यतः १८९८ च्या प्लेगनंतर, दाटीच्या पेठांतून बाहेर पडलेल्या लोकांसाठी वाढली. तिचे नाव मात्र जुन्या काडु मल्लेश्वर देवळावरून आले. ‘काडु’ म्हणजे रान. या देवळाशी निगडित १६६९ चा शिलालेख आहे. शहाजीराजांचे पुत्र एकोजी, म्हणजे व्यंकोजी, यांनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव देवाला दिल्याची नोंद त्यात आहे. ते गाव आजच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या परिसरात होते, असे मानतात.

या सनाकडे नीट पाहा. शहाजीराजांचा मृत्यू जानेवारी १६६४ मध्ये, चन्नगिरीजवळ होदिगेरे इथे झाला; तिथे त्यांची समाधी आहे. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ चा. या दोन घटनांच्या मधल्या काळात धाकटे बंधू बेंगळुरूत जहागीर सांभाळत होते आणि स्थानिक शिवमंदिराला इथल्या रीतीप्रमाणे दान देत होते. त्यानंतर १६७५ च्या सुमारास एकोजींनी तंजावर घेतले आणि घराण्याची एक शाखा तिकडे रुजली. बेंगळुरू १६८७ मध्ये मोगल सरदार कासीमखानाने घेतले आणि ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयर यांच्याकडे गेले. तीन लाख रुपयांना हा व्यवहार झाला, असे इतिहासग्रंथ सांगतात. भोसल्यांचे बेंगळुरू १६३८ ते १६८७, म्हणजे जेमतेम पन्नास वर्षांचे.

आता मूळ मुद्दा. आपल्या लोकांच्या खुणा शोधायला निघालेला माणूस सहसा वाडा, तोफ किंवा पुतळा शोधतो. येथे यांपैकी काहीच नाही. आहे तो एक चंपू आणि एक दानलेख. पण पुरावा म्हणून हे दोन्ही एखाद्या वाड्यापेक्षा अधिक बोलके आहेत. वाड्यावरून मालकाची श्रीमंती कळते. दानलेखावरून तो माणूस कोणत्या समाजात राहत होता, कोणाचा मान राखत होता, हे कळते. शहाजीराजांचे बेंगळुरू ‘आमचे’ होते म्हणून वाचायला गेलात, तर एवढाच लेख दिसेल. ते कन्नड मुलखातले एक शहर होते म्हणून वाचलेत, तर किट्टय्याही दिसेल, केंपेगौडाही दिसेल आणि त्या ओळीत एकोजीही दिसतील.

काडु मल्लेश्वराच्या समोर नंदीतीर्थ आहे, तेही पाहून घ्या. मातीखाली गाडले गेलेले हे देऊळ १९९७ मध्ये खणून मोकळे केले गेले.

४. किल्ला, देऊळ आणि महाल

संपिगे रोडच्या मेट्रो स्थानकावरून हिरव्या मार्गिकेने कृष्णराजेंद्र मार्केटला उतरा. वाटेत चिक्कपेटे लागते. पुण्याच्या अनेक पेठांची नावे वारांवरून पडली. इथल्या अनेक पेठांची मालावरून. अक्की म्हणजे तांदूळ, म्हणून अक्कीपेटे. बळे म्हणजे बांगडी, म्हणून बळेपेटे. पेठेचे नाव वाचले की तिथे काय विकले जात होते ते कळते.

मार्केटजवळ किल्ल्याचा उरलेला तुकडा आहे. केंपेगौडाचा किल्ला मातीचा होता. हैदरअलीने १७६१ मध्ये तो दगडात बांधून काढला. तिसऱ्या म्हैसूर युद्धात कॉर्नवॉलिसच्या फौजेने २१ मार्च १७९१ रोजी तटाला खिंडार पाडून तो घेतला. त्या जागी लावलेली शिळा आजही वाचता येते. या युद्धात पेशव्यांची फौज इंग्रजांच्या बाजूने होती. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन पुढे श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत कॉर्नवॉलिसला जाऊन मिळाले. हेही मराठी इतिहासातलेच पान आहे आणि ते वगळून चालणार नाही. इंग्रजी अमलात बराचसा तट पाडला गेला. त्या जागी आता रस्ते, रुग्णालये आणि महाविद्यालये आहेत. दिल्ली दरवाजा आणि आसपासचा थोडा भाग राहिला आहे. प्रवेश विनामूल्य.

इथून चालत टिपूच्या उन्हाळी महालाकडे जा. येथे दिवसातले पहिले तिकीट: भारतीयांना रोखीने २५ रुपये, ऑनलाइन २०. हैदरअलीने १७८१ मध्ये बांधायला घेतलेला हा सागवानी खांबांचा दुमजली महाल टिपू सुलतानाने १७९१ मध्ये पूर्ण केला, म्हणजे ज्या वर्षी किल्ला पडला त्याच वर्षी. शेजारीच कोटे वेंकटरमण मंदिर आहे. ते सतराव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे म्हैसूरकरांकडे शहर आल्यानंतर, चिक्कदेवराजांनी बांधले. देऊळ आणि महाल शंभर वर्षांच्या अंतराने एकमेकांना लागून उभे आहेत.

लाकडी महाल कसा वाचला आणि दगडी तट का गेला? माझ्या नवऱ्याने पहिल्याच भेटीत विचारलेला हा प्रश्न वर्गातही विचारण्यासारखा आहे. टिपूच्या पराभवानंतर महालात म्हैसूर सरकारचे सचिवालय होते. नवी अठारा कचेरी, म्हणजे अट्टारा कचेरी, बांधून झाल्यावर १८६८ मध्ये ते तिकडे हलले. वापरात असलेल्या इमारतीचे छप्पर गळू देत नाहीत. तटाचा मात्र कोणालाच उपयोग उरला नव्हता. उलट त्याचे दगड आणि त्याखालची जमीन हवी होती. इमारत टिकते ती नेहमी ती थोर असते म्हणून टिकते असे नाही. अनेकदा ती कोणाच्या तरी कामाची असते म्हणून टिकते. आज जे डोळ्यांसमोर आहे ते अशा चाळणीतून उतरले आहे, हे लक्षात ठेवून मगच निष्कर्ष काढावा.

५. लालबागेचा खडक आणि एडिंबरो

दिवसातले दुसरे तिकीट लालबागेचे. हैदरअलीने १७६० मध्ये ही बाग सुरू केली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या धर्तीवरचे काचघर १८८९ मध्ये पायाभरणी होऊन उभे राहिले. आम्ही मात्र संध्याकाळी खडकावर चढतो. त्याच्या माथ्यावर केंपेगौडाचा दक्षिणेचा मनोरा आहे. सकाळी उत्तरेचा पाहिला, संध्याकाळी दक्षिणेचा. जुने शहर या दोहोंमध्ये किती लहान होते, ते पायांनाच कळते. हा खडक सुमारे तीन अब्ज वर्षांचा आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवले आहे.

खडक पुरावा म्हणून कसा वाचावा, हे जगाला शिकवणाऱ्यांपैकी जेम्स हटन हा स्कॉटलंडमधल्या एडिंबरोचा. तिथल्या सॅलिसबरी क्रॅग्ज या कड्यांचा त्याने अभ्यास केला आणि १७८५ मध्ये पृथ्वीविषयीचा आपला सिद्धांत तिथल्या विद्वत्सभेपुढे मांडला. एडिंबरोही बेंगळुरूसारखेच जोडशहर. खडकावर किल्ला, खाली होलीरूडचा राजवाडा, मध्ये साधारण मैलभराचा उताराचा रस्ता, हे जुने शहर. आणि जेम्स क्रेगच्या १७६७ च्या आराखड्याने वसलेले नवे शहर. इथे केंपेगौडाची पेठ आणि १८०९ नंतरची इंग्रजांची छावणी अशी दोन शहरे होती. त्यांची एक महापालिका झाली ती १९४९ मध्ये.

तिथेही तिकीट लागते ते किल्ल्याला आणि राजवाड्याला. रस्ता, बोळ, टेकड्या पाहायला पैसे पडत नाहीत. स्कॉटलंडचे राष्ट्रीय संग्रहालयही विनामूल्य आहे. म्हणून पैसे जपून वापरणाऱ्या जोडप्यालाही ते शहर एका दिवसात चालत पाहता येते. फरक एवढाच की, तिथे किल्ल्यांइतकीच त्यांच्या मधल्या रस्त्याचीही निगा राखली जाते; १९९५ मध्ये जागतिक वारशात नाव गेले ते एखाद्या इमारतीचे नव्हे, तर जुन्या आणि नव्या दोन्ही शहरांचे. आपल्याकडे तिकिटाच्या कुंपणाआत निगा असते आणि कुंपणाबाहेर नशीब. किट्टय्याचा दगड कुंपणाबाहेरचा होता. तो वाचला, कारण खोदकामाच्या जागी ओळखणारे डोळे पोहोचले.

बी. एल. राईस यांनी ‘एपिग्राफिया कर्नाटिका’ च्या नवव्या खंडात बेंगळुरू जिल्ह्यातले लेख छापले. त्यांपैकी अनेक दगड आता जागेवर सापडत नाहीत. फक्त छापील नोंद उरली आहे. तुमच्या गावातही असेच असेल. पुरातत्त्व खाते प्रत्येक बांधावर माणूस ठेवू शकत नाही. त्या बांधावरून रोज जाणारा माणूस तुम्ही आहात.

स्वाध्याय

१. एका जोडीदारासह तुमच्या शहरात किंवा तालुक्यात एक दिवस फिरा. बसने किंवा पायी जा. खर्चाची पै न् पै लिहा. पाहिलेल्या ठिकाणांची ‘तिकीट असलेली’ आणि ‘तिकीट नसलेली’ अशी दोन रकान्यांत यादी करा.

२. प्रत्येक ठिकाणापुढे लिहा: हा पुरावा कोणत्या प्रकारचा (लेख, वास्तू, ग्रंथ, नाव, खडक)? त्याचा काळ कशावरून ठरतो? तो आजवर का टिकला?

३. एक वीरगळ, सतीशिळा किंवा शिलालेख शोधा. दगड धुऊ किंवा खरडू नका; त्यावर खडू, रंग, तेल लावू नका. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात छायाचित्र घ्या, कारण तेव्हा कोरीव रेषांच्या सावल्या पडतात आणि अक्षरे उठून दिसतात. जागा, लांबी-रुंदी आणि दिनांक नोंदवून ती नोंद तुमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात द्या.

४. तुमच्या गावाच्या नावाचे सर्वांत जुने लिखित रूप कोणते? ते कोणत्या भाषेतल्या लेखात आहे? ती भाषा आज गावात बोलली जात नसेल, तर दहा ओळींत कारणे मांडा.